कांदाचाळ आणि ग्राफिक्स कार्ड
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

संगणक हा विज्ञान शाखेचा विषय, असे आपण कला शाखेचे विद्यार्थी सहज म्हणून जातो. मीही तसेच म्हणत असे. परंतु गेल्या मे महिन्यात हा विषय आमच्या घरातच येऊन उभा राहिला. माझा थोरला भाऊ पारनेर तालुक्यातील आमच्या गावी लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. त्यासाठी त्याने पतसंस्थेचे कर्ज काढून संगणक घेतला आहे. ऐन लग्नसराईत तो भर दुपारी काम करता करता बंद पडू लागला. "ग्राफिक्स कार्ड जळालं असणार," असे जो तो म्हणू लागला. नवे कार्ड म्हणजे पुन्हा कर्ज. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. "तू शिकतेस ना, मग बघ काय झालंय ते," असे दादा म्हणाला. त्या निमित्ताने जे वाचले व पाहिले, ते येथे थोडक्यात मांडते.

पडद्यावरील चित्र लक्षावधी ठिपक्यांचे बनते. त्यांची आकडेमोड एकाच वेळी करणारी हजारो लहान गणनकेंद्रे ग्राफिक्स कार्डाच्या चिपमध्ये असतात. त्यांना लागणारी जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० या कार्डाला पूर्ण भारावर सुमारे १७० वॅट वीज लागते. म्हणजे साठ वॅटचे जवळपास तीन दिवे तळहाताएवढ्या जागेत जळत असल्यासारखे झाले.

मग किती तापमान सुरक्षित मानावे? काम नसताना ३० ते ५० अंश सेल्सिअस आणि भरपूर काम असताना ६५ ते ८५ अंश हे सर्वसाधारण होय. कमाल मर्यादा कार्डागणिक बदलते. वरील कार्डासाठी ती ९३ अंश, तर आरटीएक्स ४०९० साठी ९० अंश आहे. मर्यादा जवळ आली की कार्ड आपला वेग आपणच कमी करते. तरीही उष्णता वाढली तर संगणक बंद होऊ शकतो. म्हणजे बंद पडणे हे कार्ड जळाल्याचेच लक्षण नसते. पुष्कळदा ते स्वतःला वाचवीत असते.

चिपची उष्णता एका लेपातून तांब्याच्या वा ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांकडे जाते आणि पंखे ती हवेत सोडतात. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पंखा हवेला थंड करीत नाही, तो ती केवळ हलवतो. त्यामुळे कार्ड खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. २७ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालणारे कार्ड, तेच काम व पंख्याचा तोच वेग असता, ४० अंशांच्या खोलीत सुमारे ८३ अंशांवर जाईल. आपल्या जिल्ह्यातील उन्हाळ्यात हा फरक लहान नव्हे.

हा प्रश्न मोठमोठ्या संस्थांनाही चुकलेला नाही. आपल्या जिल्ह्याच्या सीमेलगत, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांकडून येणाऱ्या संकेतांची आकडेमोड करण्यासाठी अशीच कार्डे वापरतात. पुण्याच्या सी-डॅकमधील 'परम सिद्धी' हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील पहिल्या पाचशेंच्या यादीत ६३ वा आला. त्यातील एकेक कार्ड ४०० वॅटपर्यंत वीज घेऊ शकते. पुण्याच्याच आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म'मध्ये तर उष्णता वाहून नेण्यासाठी द्रवाची योजना केलेली आहे.

आमच्या घरी मात्र उत्तर अण्णांनी दिले. मी तापमान पाहिले, ते ९१ अंश होते. धूळ बसू नये म्हणून दादाने पेटीवर कापड घातले होते व ती कोपऱ्यात भिंतीला टेकवली होती. अण्णा म्हणाले, "चाळीला असं गुंडाळलं तर कांदा राहील का?" कांदाही श्वसन करून उष्णता सोडतो. म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असतो व बाजूंना फटी असतात. खालून हवा शिरते, तापलेली वर निघून जाते. आम्ही कापड काढले, पेटी भिंतीपासून हातभर दूर स्टुलावर ठेवली आणि पात्यांत साचलेली धूळ मऊ ब्रशने काढली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच कामाला तापमान ७८ अंश भरले. संगणक पुन्हा बंद पडला नाही.

वाचकांना इतकेच सांगावेसे वाटते. नवे कार्ड घेण्यापूर्वी तापमान मोजावे; विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये बहुतेक कार्डांचे ते दिसते. ते मर्यादेत असूनही संगणक बंद पडत असेल, तर दोष वीजपुरवठ्यात किंवा अन्यत्र शोधावा. सफाईपूर्वी वीज बंद करावी आणि हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. पाण्याच्या कूलरचा दमट झोत पेटीवर घेऊ नये.

चाळ बांधताना अण्णांनी कुठलेही पुस्तक वाचले नव्हते. मी पुस्तक वाचूनही कापड काढायचे मला सुचले नाही. दोन्ही ज्ञाने एकाच घरात आहेत, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला.