मोकळी ओळ

काल स्वारगेटला भोरची गाडी सुटता सुटता तू खिडकीतून विचारलंस, "ताई, त्या कवितांच्या छोट्या प्रकाशनात इंटर्नशिप करू का गं? मैत्रिणी म्हणतात, तिथे काय शिकणार? त्यापेक्षा जाहिरातीच्या कंपनीत जा." मी काही बोलायच्या आत कंडक्टरने डबल बेल दिली. घरी पोचेपर्यंत तुझा प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून आज निवांत लिहायला बसलेय.

कर गं, अगदी मनापासून कर. फक्त एक गोष्ट आधीच मनाशी पक्की कर. तू कविता करतेस हे मला ठाऊक आहे, पण तिथे कवयित्री म्हणून जाऊ नकोस. वाचणारी म्हणून जा.

तुझ्या वयाची असताना मीही अशाच एका ठिकाणी होते. दोन खोल्या, भिंतीला टेकून छताच्या दिशेने निघालेले पुस्तकांचे गठ्ठे, आणि खळीचा वास. पहिल्याच महिन्यात एका संग्रहाचं शेवटचं प्रूफ माझ्या हातात आलं. वेलांट्या, उकार, अनुस्वार, सगळं दोनदा तपासलं. पुस्तक छापून आलं तेव्हा कवी स्वतः आले. उभ्याउभ्याच पानं उलटत होते, ते एका पानाशी थांबले. दोन ओळींच्या मधे बोट ठेवून म्हणाले, "इथे मी जरा थांबलो होतो." त्या दोन कडव्यांच्या मधे एक मोकळी ओळ होती. दुरुस्त्या करताना मजकूर पुढच्या पानावर सरकला आणि ती मोकळी ओळ गळून गेली. दोन्ही कडवी एकमेकांना चिकटली. मी अक्षरं तपासली होती, जागा तपासलीच नव्हती. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत, म्हणून ते बोट अजून डोळ्यांपुढे आहे.

गद्यात ओळ कुठे मोडायची ते पानाची रुंदी ठरवते, कवितेत ते कवी ठरवतो. म्हणून कवितेच्या प्रुफाला दोन वाचनं लागतात, एक अक्षरांचं आणि एक जागेचं. कडवं नेमकं पानाच्या तळाशी संपलं तर कविता पुढे चालू आहे की तिथे थांबली आहे, हे वाचणाऱ्याला कळत नाही. लांब ओळ पानावर मावली नाही तर उरलेला तुकडा आत सरकवून घ्यावा लागतो, नाहीतर तो वेगळी ओळ वाटतो. हे बारकावे तुला दुसऱ्या कुठल्या नोकरीत कुणी शिकवणार नाही.

शुद्धलेखनाचंही तसंच. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्याच नियमांत वृत्त सांभाळताना ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक कवीला दिलेली आहे. तेव्हा वृत्तातल्या ओळीत 'आणि'चं 'आणी' झालेलं दिसलं की लगेच लाल खूण करू नकोस. आधी लघु-गुरू मोज, आणि तरी शंका उरली तर कवीला विचार. माधव जूलियन यांचं 'छंदोरचना' जवळ ठेव. अवघड वाटेल, पण रोज दोन पानं वाचलीस तरी कान तयार होईल.

बाकीचं काम दिसायला साधं असतं. श्रीलिपीतली फाइल युनिकोडमध्ये आणताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, 'ऱ्या' फुटतो, ते एकेक शोधायचं. सोळा पानांचा एक फॉर्म. संग्रह नव्वद पानांचा झाला तर सहा फॉर्म, म्हणजे ९६ पानं. उरलेल्या सहा पानांत अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका कशी बसवायची ते ठरवायचं. आयएसबीएनचा अर्ज भरायचा, पार्सलं बांधायची. पार्सलाचा कंटाळा करू नकोस. कवितेचं पुस्तक कुठल्या गावात, कुणाच्या घरी मागवलं जातं, हे त्या पत्त्यांवरूनच कळतं.

एक काम मात्र जड जाईल, 'साभार परत'ची पत्रं लिहिण्याचं. पलीकडे कुणीतरी वहीतून निवडून, नीट उतरवून, धीर करून कविता पाठवलेल्या असतात. हस्तलिखित शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय नकाराचं पत्र लिहू नकोस. आणि न छापलेल्या कवितेचा फोटो काढून स्टेटसला ठेवायचा नाही, कितीही आवडली तरी. ती विश्वासाने दिलेली ठेव आहे.

जागा छोटी म्हणून कुणी नाक मुरडलं तर त्यांना जळगावचं नाव सांग. नारायण नरसिंह फडणीसांनी १८८७ मध्ये तिथून 'काव्यरत्नावली' काढलं, नुसत्या कवितेला वाहिलेलं मासिक, आणि ते १९३५ पर्यंत चाललं. केशवसुतांच्या, बालकवींच्या कविता त्यात आल्या. पुण्यात १९२३ मध्ये रविकिरण मंडळ उभं राहिलं, त्या कवींनी आपली पुस्तकं आपणच काढली. अशोक शहाण्यांच्या 'प्रास' प्रकाशनाने १९७७ मध्ये 'अरुण कोळटकरच्या कविता' छापलं आणि २००३ मध्ये कोळटकरांचीच 'भिजकी वही'. त्या 'भिजकी वही'ला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी कविता अशा चार-दोन माणसांच्या हट्टावर जगली आहे गं. त्या हट्टाला हातभार लावायला मिळतोय, तर सोडू नकोस.

आता व्यवहाराचं, ते सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही. तुमच्या एम.ए.ला ऑन जॉब ट्रेनिंगचे चार क्रेडिट आहेत ना? मग पहिल्याच दिवशी विचार, तास कोण लिहिणार, सही कोण करणार, प्रमाणपत्र कधी मिळणार. कॉलेजचं पत्र घेऊनच जा. पैशांचंही स्पष्ट विचार, लाजायचं नाही. छोट्या प्रकाशनाकडे पैसा नसतो हे खरं, पण निदान येण्या-जाण्याचा खर्च मिळावा, आणि ज्या पुस्तकावर काम केलंस त्याची एक प्रत. ते नाही म्हणाले तर परवडतं का ते घरी बसून ठरव. पण इंटर्नशिपसाठी कुणी उलट तुझ्याकडेच फी मागितली तर तिथूनच माघारी फीर. 'प्रातिनिधिक संग्रहात तुझी कविता घेतो, एवढे पैसे भर' असं कुणी गोड बोलून सांगितलं तरी नाही म्हण.

तुझी कवितांची वही तीन महिने पिशवीतून बाहेर काढू नकोस. दुसऱ्यांच्या शंभर कविता ओळीओळीने वाचून झाल्या की तुझ्या तुलाच वेगळ्या दिसतील. मग स्वतःच्या वहीवर पेन्सिल चालव. मी तेव्हा माझ्या निम्म्या कविता खोडल्या होत्या, आणि उरलेल्या आजही मला माझ्या वाटतात.

संध्याकाळी सहाला कामावरून निघायचंच. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असलं तरी गाडी मिळायला हवी, आणि अंधार पडल्यावर स्वारगेटला गर्दी किती होते ते तू पाहिलंयस. प्रकाशनाचा पत्ता मला आणि आईला पाठवून ठेव.

सोमवारी मी स्टँडवर येते. हिराबागेवरून टिळक रस्त्याने प्रकाशनाकडे चालतच जाऊ. वाटेत साहित्य परिषद दाखवते. १९०६ सालची संस्था आहे, आणि तिथल्या सभागृहाला माधवराव पटवर्धनांचं, म्हणजे आपल्या माधव जूलियनांचंच नाव आहे. ग्रंथालयाची चौकशीही करून टाकू.

येताना एक पेन्सिल आण, चांगली टोक केलेली. पहिलं प्रूफ हातात आलं की मूळ प्रत शेजारी ठेव आणि आधी मोकळ्या ओळी मोज. दोन्हीकडे सारख्या भरल्या की मग अक्षरांकडे वळ.

तुझी,
ताई