जमेची बाजू, नावेची बाजू

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

अवधूतांच्या चोवीस गुरूंची कथा आपल्यापैकी कुणालाच नवी नाही. भागवताच्या एकादश स्कंधात ती येते. याच स्कंधावर नाथांची टीका आहे. गुरूंची यादी आपल्याला पाठ असते, पण एक गोष्ट नजरेतून सुटते. हे सगळेच गुरू काही चांगले वागून शिकवत नाहीत. पृथ्वी क्षमा शिकवते, पाणी निर्मळपणा शिकवते. पतंग मात्र रूपाला भुलून जळतो आणि मासा जिभेपायी गळाला लागतो. कसं वागू नये, हे ते शिकवतात. अवधूतांच्या वहीला जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू आहेत!

मी बँकेत कॅशवर होतो तेव्हाची गोष्ट. पेन्शनचा दिवस होता. संध्याकाळी रोकड जुळेना, पाचशे रुपये कमी. माझ्या टेबलाजवळ शिपाई मामांचीच ये-जा असे. सगळ्यांसमोर मी त्यांना म्हणालो, "मामा, खिसे बघा जरा." त्यांनी मुकाट्याने खिसे उलटे केले. पैसे मी पदरचे भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजी एस.टी.ने आल्या. पदराची गाठ सोडून म्हणाल्या, "दादा, काल एक नोट जास्ती आली बघा." येण्याजाण्याचं भाडं त्यांनी स्वतःचं घातलं होतं. मला हायसं वाटलं. मामा शेजारीच उभे होते, पण त्यांना मी काहीच बोललो नाही. पुढे माझी बदली झाली.

निवृत्तीनंतर एकदा त्यांच्या घरी गेलो आणि माफी मागितली. मामा म्हणाले, "साहेब, खिसे बघा म्हणालात, त्याचं एवढं नाही. नोट मिळाल्यावर तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही, ते लागलं."

संशय कुणाच्याही मनात येतो, तो मनुष्यस्वभाव आहे. पण चूक कळल्यावरही मान वर न करणं, हा आपला अहंकार. त्या आजी माझ्या जमेकडच्या गुरू. नावेकडचा गुरू मी स्वतःच.

रात्री दत्तमहाराजांपुढे दिवा लावला की दिवसाचा हिशोब आठवतो. आज कुणाला दुखावलं? नाव आठवलं तर उद्यावर ढकलू नये. सकाळी आधी तिथे जावं, मग देवळात.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥