झाडाची साल : टाकाऊतील उपयुक्त द्रव्ये
(सामान्य विज्ञान : इयत्ता सातवी)

चिरलेले वांगे उघडे राहिले की काळे पडते. शेंगदाणे फार दिवस पडून राहिले की खवट होतात. या गोष्टी मुलांनी घरी पाहिलेल्या असतात. पाठाचा आरंभ येथूनच करावा. हवेतील प्राणवायूचा पदार्थातील द्रव्यांशी संयोग झाल्याने हे घडते. या क्रियेस ऑक्सिडीकरण म्हणतात. जी द्रव्ये स्वतः आधी ऑक्सिडीकरण पावून इतरांस वाचवितात, त्यांस ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये म्हणतात.

साल हे झाडाचे कवच होय. कीड व बुरशी यांना तिलाच प्रथम तोंड द्यावे लागते. त्यामुळे टॅनिन व त्याच्या वर्गातील द्रव्ये तिच्यात साठलेली असतात. बाभळीच्या सालीने कातडे कमावता येते ते याच टॅनिनमुळे. आणि हीच द्रव्ये ऑक्सिडीकरणरोधकही आहेत.

फ्रान्समधील बोर्दो येथील शास्त्रज्ञ जाक मास्केलिए यांनी १९४० नंतरच्या दशकात शेंगदाण्याच्या तांबड्या फोलपटांतून अशी द्रव्ये वेगळी केली. पुढे त्यांनी तीच सागरी पाइन वृक्षाच्या सालीतूनही काढली. बोर्दोच्या दक्षिणेस लांद प्रदेशात या वृक्षाची विस्तीर्ण वने आहेत. लाकडासाठी झाडे तोडली की सालीचे ढीग उरतात. त्यांपासून आता अर्क काढला जातो. साल वाळवून दळावयाची, पाण्यात किंवा मद्यार्कमिश्रित पाण्यात द्रव्ये उतरवावयाची, गाळावयाचे व अर्क आटवावयाचा, असा या कृतीचा सर्वसाधारण क्रम असतो.

वर्गातील प्रयोग

साहित्य : लाकडाच्या वखारीत पडलेली किंवा सरपणाची बाभळीची साल, गरम पाणी, फडके, काचेचे दोन पेले, पोटॅशियम परमँगनेटचे एकदोन कण.

कृती : साल वाळवून कुटावी. मूठभर भरड पेलाभर गरम पाण्यात अर्धा तास भिजत ठेवून गाळून घ्यावी. शिक्षकांनी परमँगनेटचे फिके गुलाबी द्रावण स्वतः करून दोन्ही पेल्यांत सारखे ओतावे. एकात थोडा अर्क व दुसऱ्यात तितकेच साधे पाणी घालावे. पहिल्यातील गुलाबी रंग जाऊन तपकिरी छटा येते. दुसऱ्यात गुलाबी रंग टिकतो. परमँगनेट हे ऑक्सिडीकरण करणारे द्रव्य आहे. सालीतील द्रव्यांनी ते ऑक्सिडीकरण स्वतःवर घेतले, हे अनुमान मुलांकडूनच काढवून घ्यावे. साध्या पाण्याचा पेला कशासाठी ठेवला, हेही अवश्य विचारावे.

दोन सूचना

१. हा अर्क कोणीही चाखू नये. प्रयोगाने सालीतील द्रव्यांचा एक गुणधर्म दिसतो. अर्क औषधी ठरत नाही.

२. प्रयोगासाठी जिवंत झाडाची साल मुळीच काढू देऊ नये. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते. खोडाभोवती सालीचे पूर्ण कडे निघाले की मुळांची उपासमार होते व झाड वाळते. सालीचा उपयोग कळल्यावर उत्साही मुले शाळेच्या आवारातील झाडाकडेच प्रथम वळतील. म्हणून ही सूचना प्रयोगाच्या आधी द्यावी. जे कवच झाडाने टाकले किंवा वखारीत उरले, तेवढेच आपले. अंगावरचे कवच झाडाचे, हा पाठाचा मुख्य बोध होय.

गृहपाठ : घरात व शेतात टाकून दिल्या जाणाऱ्या साली व टरफले यांची यादी करून त्यांचा आज काय उपयोग होतो ते लिहावे.