वृत्तकथनातील शब्द आणि छायाचित्र

वर्तमानपत्राच्या पानावर बातमी आणि छायाचित्र शेजारी शेजारी छापलेली असतात, तेव्हा वाचकाची नजर प्रथम छायाचित्राकडे जाते. यावरून छायाचित्र हे शब्दांहून अधिक प्रभावी साधन आहे, असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. परंतु नजर वेधून घेणे हे वृत्तपत्राचे संपूर्ण कार्य नव्हे. घटना खरोखर घडली याची खात्री पटविणे, ती का घडली हे समजावून सांगणे आणि संकट येण्यापूर्वी समाजाला सावध करणे, ही सारी कामे त्याच्याकडून अपेक्षित असतात. यांपैकी कोणते काम कोणत्या साधनाने साधते, हे पाहिल्यावाचून या प्रश्नाचा निर्णय करता येत नाही. भारतीय वृत्तपत्रांच्या इतिहासातील दोन दारुण प्रसंग या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत. एक १९४३ चा बंगालमधील दुष्काळ आणि दुसरा १९८४ ची भोपाळची वायुदुर्घटना.

कलकत्त्यातील छायाचित्रे

१९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश जिंकला आणि तेथून बंगालमध्ये येणारा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती साधने पडू नयेत म्हणून सरकारने किनारपट्टीच्या जिल्ह्यांतील तांदळाचे साठे हलविले आणि हजारो होड्या काढून घेतल्या किंवा निकामी केल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मेदिनीपूर जिल्ह्याला चक्रीवादळाचा तडाखा बसला. युद्धखर्चामुळे वाढत चाललेले तांदळाचे भाव गरिबांच्या आवाक्यापलीकडे गेले. १९४३ च्या मध्यापासून खेड्यांतील भूमिहीन मजूर, कोळी आणि कारागीर अन्नाच्या शोधात कलकत्त्यात येऊ लागले व तेथील पदपथांवर मरू लागले.

असे असूनही सरकारने दुष्काळ अधिकृतपणे कधीच जाहीर केला नाही. तो जाहीर झाला असता, तर दुष्काळ संहितेप्रमाणे मदतीची निश्चित बंधने सरकारवर पडली असती. रस्त्यावर पडलेल्या माणसांचा उल्लेख शासकीय भाषेत ‘निराश्रित’ असा केला जाई, आणि ऑक्टोबर १९४३ मधील वटहुकमाच्या नावातही हाच शब्द योजलेला होता. शब्दांची दुर्बलता येथे स्पष्ट होते. एका शब्दाच्या जागी दुसरा सौम्य शब्द ठेवला, की वस्तुस्थितीच सौम्य झाल्याचा आभास निर्माण करता येतो.

‘स्टेट्समन’ हे कलकत्त्याचे दैनिक इंग्रजांच्या मालकीचे होते आणि काही काळ त्यानेही संयम पाळला होता. युद्धकालीन निर्बंधांचा भर मुख्यतः मजकुरावर होता. ही कोंडी छायाचित्रांच्या साह्याने फोडण्याचे संपादक इयान स्टीफन्स यांनी ठरविले. रविवार, २२ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांनी उपासमारीने मरणाऱ्या स्त्रिया, मुले व वृद्ध यांची छायाचित्रे छापली आणि पुढच्या रविवारी आणखी काही प्रसिद्ध केली. ती दिल्लीत पाहिली गेली, तशी परदेशांतही पोहोचली. भुकेलेल्या माणसाला कोणते नाव द्यावे यावर वाद घालता येतो, परंतु बरगड्या मोजता येतील असे शरीर समोर दिसत असता दुष्काळ नाहीच, असे म्हणणे कठीण होते.

छायाचित्राच्या मर्यादा

तथापि, मृत्यू दाखविणे आणि मृतांची संख्या सांगणे यांत अंतर आहे. ऑक्टोबरमध्ये भारतमंत्री लिओ एमरी यांनी ब्रिटिश संसदेत आठवड्याला सुमारे एक हजार मृत्यू होत असल्याचे सांगितले. हा आकडा वस्तुस्थितीहून फारच कमी आहे, हे ‘स्टेट्समन’ला छायाचित्राने सिद्ध करता येण्यासारखे नव्हते. त्यासाठी १४ व १६ ऑक्टोबरच्या अंकांत अग्रलेख लिहावे लागले. त्याच महिन्यात व्हाइसरॉय झालेल्या लॉर्ड वेव्हेल यांनी कलकत्त्यास भेट देऊन मदतकार्यासाठी सैन्य नेमले. दुष्काळ चौकशी आयोगाने १९४५ मध्ये मृतांची संख्या सुमारे १५ लाख मानली. पुढील अनेक अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांच्या आसपास आहेत. यांतील बहुसंख्य माणसे जेथे कोणताही कॅमेरा पोहोचला नाही अशा खेड्यांत मेली.

कारणांच्या बाबतीत ही मर्यादा अधिकच जाणवते. उपाशी माणसाचे चित्र पाहणाऱ्याच्या मनात देशात धान्य उरले नाही, हाच विचार प्रथम येतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, १९४३ मधील बंगालचा धान्यपुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्केच कमी होता, आणि दुष्काळ न पडलेल्या १९४१ सालापेक्षा तो अधिक होता. धान्य होते, पण मजुराच्या मजुरीत ते विकत घेण्याची शक्ती उरली नव्हती. या आकड्यांविषयी पुढे मतभेद झाले. मात्र त्यांची चर्चा शब्दांत व संख्यांतच होऊ शकली. बाजारभाव आणि मजुरी यांतील तफावतीचे छायाचित्र निघत नाही.

या दोन्ही साधनांचा मेळ घालण्याचा उल्लेखनीय प्रयत्न चित्रकार चित्तप्रसाद यांनी केला. नोव्हेंबर १९४३ मध्ये मेदिनीपूर जिल्ह्यात पायी फिरून त्यांनी भुकेल्या माणसांची रेखाटने केली, त्यांपैकी अनेकांची नावे नोंदविली आणि प्रवासाचा वृत्तान्तही लिहिला. नाव जोडल्यामुळे चित्रातील व्यक्ती केवळ दयेचा विषय न राहता एक माणूस म्हणून वाचकासमोर उभी राहिली. सरकारने या पुस्तिकेच्या जवळजवळ सर्व प्रती जप्त करून नष्ट केल्या.

भोपाळ : पूर्वसूचना आणि परिणाम

भोपाळच्या प्रसंगाने या प्रश्नाची दुसरी बाजू पुढे येते. युनियन कार्बाइडच्या तेथील कारखान्यात १९८१ मध्ये विषारी वायूमुळे एका कामगाराचा मृत्यू झाला होता. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी तेथील सुरक्षाव्यवस्थेची चौकशी करून १९८२ मध्ये आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकात शहरावरील संभाव्य संकटाची सूचना दिली. जून १९८४ मध्ये ‘जनसत्ता’ या दैनिकातही त्यांनी ती पुन्हा मांडली. त्या काळी कारखान्याचे छायाचित्र घेतले असते, तर इतर कोणत्याही कारखान्यासारख्या टाक्या व नळ एवढेच त्यात दिसले असते. जे अद्याप घडलेले नाही ते केवळ शब्दच सांगू शकतात. येथे शब्दांनी आपले काम केले होते, परंतु त्यांची योग्य दखल घेतली गेली नाही.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला आणि हजारो माणसे मृत्यू पावली. दफनाच्या वेळी मातीने झाकल्या जाणाऱ्या एका बालकाच्या चेहऱ्याची रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी टिपलेली छायाचित्रे जगभर पोहोचली. केसवानींच्या लेखांकडे दुर्लक्ष झाले होते, या छायाचित्रांकडे कोणाला दुर्लक्ष करता आले नाही. पण तोवर वेळ निघून गेली होती.

यावरून असे दिसते की, नाकारले जाणारे सत्य मान्य करावयास लावण्यात छायाचित्र शब्दांच्या पुढे आहे. घटनेचे प्रमाण, तिची कारणे, तिची जबाबदारी आणि पुढील धोका सांगण्यास मात्र शब्दांवाचून गत्यंतर नाही. म्हणून सुजाण वाचकाने छायाचित्र कोठले, कधीचे व कोणाचे आहे हे विचारावे, आणि मजकूर कोणत्या पुराव्यावर आधारला आहे हे पाहावे. छायाचित्र येईपर्यंत विश्वास ठेवायचा नाही, अशी सवय समाजाला जडली, तर त्याला प्रत्येक बातमी संकट ओढवल्यानंतरच कळेल.