कॉन्स्टलेशन आणि आपला आय.सी. इंजिन्सचा पेपर

आय.सी. इंजिन्सचं पुस्तक पाठ झालं असेल तर हा लेख वाचा. झालं नसेल तर आधी हा वाचा!

लॉकहीड कॉन्स्टलेशन हे चार पंख्यांचं, तीन शेपट्यांचं प्रवासी विमान. पहिलं उड्डाण ९ जानेवारी १९४३. आपल्याशी नातं असं, की ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलची मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला गेलेली पहिली फेरी याच जातीच्या 'मलबार प्रिन्सेस'ने केली. (नोव्हेंबर १९५० मध्ये ती माँ ब्लाँ पर्वतावर आदळली. ४८ जण गेले.) आज या जातीची उडणारी विमानं मोजकीच. पण ए-टू-ए सिम्युलेशन्सने तिची थोरली बहीण, एल-०४९, कॉम्प्युटरवर हुबेहूब उभी केली आहे.

हुबेहूब म्हणजे नुसती रंगरंगोटी नव्हे. इंजिन राइट कंपनीचं आर-३३५०. दोन रांगांत नऊ-नऊ असे अठरा सिलिंडर, सुमारे ५५ लिटर, आणि अशी चार इंजिनं! सगळी हवेने थंड होणारी. मागच्या रांगेच्या नशिबी पुढच्या रांगेने तापवलेली हवा. म्हणून आवरणाच्या मागच्या कडेला झडपा असतात, त्या काऊल फ्लॅप्स. उघडल्या की हवा खेळते पण ड्रॅग वाढतो, मिटल्या की वेग मिळतो पण सिलिंडर तापतात. टेक-ऑफला मिक्श्चर रिच, कारण जादा पेट्रोल वाफ होताना उष्णता ओढून घेतं आणि नॉकिंग टळतं. हे वाक्य मी पुस्तकात तीनदा वाचलं होतं. कळलं मात्र स्क्रीनवर टेंपरेचरचा काटा हलला तेव्हा.

पॉवर कमी करताना आधी थ्रॉटल, मग आरपीएम. वाढवताना उलट. का? खंडाळ्याचा घाट बाईकने टॉप गिअरमध्ये चढा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळा, आणि इंजिन कसं ठोकतं ते ऐका.

खरी गंमत पुढे आहे. यात इंजिनाची झीज सेव्ह होते. माझ्या रूम पार्टनरने एका रात्री तीन नंबरचं इंजिन भाजून काढलं आणि कॉम्प्युटर बंद करून खुशाल झोपला. दुसऱ्या दिवशी तेच इंजिन खोकत उभं! लॅबमधलं इंजिन आपल्याला असं बिघडवू कोण देणार? रीडिंग घ्यायचं, जर्नल भरायचं, संपलं.

खऱ्या विमानात हे सगळे काटे सांभाळायला वेगळा फ्लाइट इंजिनिअर बसायचा. पुढे ऑटोमेशन आलं आणि नव्या प्रवासी विमानांतून त्याची खुर्चीच गेली. आमच्या रूममध्ये ती अजून रिकामी आहे. जेवणानंतर या, पण काऊल फ्लॅप्स कधी मिटायच्या ते वाचून या.