घर छोटं, पण आतलं काम टिकाऊ हवं

ताईंनो, घरकुलाचं घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे साधारण 269 चौरस फुटांचं. एवढ्याच जागेत चूलही आणि झोपही. आपल्या रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यामुळे आतलं सामान निवडताना पहिला प्रश्न एकच विचारायचा: ओल आणि वाळवीपुढे हे टिकेल का?

भिंत : चिरा पाणी शोषतो. गिलाव्यावर किमान 7 दिवस पाणी मारा, मग पूर्ण सुकू द्या. रंगाची घाई नको. प्लास्टिकचा फूटभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल अजून आहे. ओल्या भिंतीवर कितीही महागडा रंग लावा, पोपडे सुटणारच. पीओपीला ओल सोसत नाही. पुट्टी हवीच असेल तर पांढऱ्या सिमेंटची घ्या. पैसे कमी असतील तर चुना लावा. दरवर्षी हात मारावा लागतो, पण भिंत सुकत राहते.

फरशी : न्हाणीत आणि ओट्यापुढे खरखरीत टाइल घ्या, गुळगुळीत नको. घरात म्हातारं माणूस, पोरंबाळं असतात. मोजमाप आधी करा. समजा फरशी 250 चौरस फूट आहे. तुटफूट 10 टक्के धरून 275 होते. एका खोक्यात 16 चौरस फूट माल असेल तर 18 खोकी लागतील. उरलेल्या टाइल जपून ठेवा, पुढे एखादी फुटली तर तोच रंग मिळत नाही.

लाकूड : आंब्याची फळी स्वस्त, पण वाळवी लवकर लागते. दारासाठी फणस किंवा ऐन बरा. न्हाणीला पीव्हीसीचं दार चालतं. ओट्याखाली प्लायवूडपेक्षा कडप्प्याचे कप्पे करा. प्लायवूड घ्यायचंच असेल तर शिक्का वाचा: 303 साधं, 710 पाण्यात टिकणारं. 303 मध्येही ओल थोडीफार सोसणारा प्रकार मिळतो, तेव्हा दुकानदाराला नीट विचारा.

खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी गळती आणि ओल, मग फरशी, मग दारं, शेवटी रंग. रंग पुढच्या वर्षीही देता येतो. खालून चढणारी ओल मात्र नंतर आवरत नाही.

बैठकीत चर्चा करा : आपल्या गटात या वर्षी कोणाकोणाचं बांधकाम आहे? त्यांनी मिळून माल घेतला तर दर आणि वाहतूक दोन्हीत किती वाचेल, याचा हिशोब वहीत मांडा.