पार्किन्सन्स : नुसतं फिरून भागत नाही

‘डॉक्टर, बाबा रोज संध्याकाळी पाऊण तास फिरतात, तरी चाल सुधारत कशी नाही?’ ताथवडे-पुनावळ्याच्या बाजूने येणारी मुलं-मुली हा प्रश्न हमखास विचारतात. ही मंडळी हिंजवडीत नोकरीला. आई-वडील गावाकडून, नाहीतर आकुर्डी-पिंपरीच्या जुन्या घरातून आता त्यांच्याकडे राहायला आलेले. बाबा फिरतात म्हणजे काय करतात, असं विचारलं की कळतं : सोसायटीच्या आवारात दोघा-तिघा मित्रांबरोबर गप्पा मारत फेऱ्या घालतात. मध्ये बाकावर बसतातही. यात वाईट काहीच नाही. माणसं भेटतात, झोप बरी लागते. पण पार्किन्सन्ससाठी ज्या व्यायामाचा उपयोग संशोधनात दिसला आहे, तो हा नव्हे. तो व्यायाम करताना गप्पा मारायला श्वास पुरत नाही.

या आजारात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. हात थरथरणं सगळ्यांना दिसतं, त्याची धास्तीही सगळे घेतात. रोजचं जगणं मात्र त्यापेक्षा मंदपणा आणि ताठरपणा जास्त अडवतो. पाऊल आखूड पडतं, चालताना एक हात हलेनासा होतो, अक्षर बारीक होतं, आवाज खाली जातो. (खांदा आखडला म्हणून कित्येक महिने शेक घेणाऱ्या काहींचं खरं निदान पुढे पार्किन्सन्स निघतं.) यातली मेख अशी की आपली हालचाल लहान झाली आहे हे रुग्णाला स्वतःला जाणवत नाही. त्याच्या मते तो नेहमीसारखंच चालत असतो. म्हणून ‘जमेल तेवढं, आपल्या मनाने करा’ हा सल्ला इथे लागू पडत नाही. मनाने केलेलं कमीच भरतं.

अमेरिकेतले संशोधक जे अल्बर्ट्स यांना हे २००३ साली सायकलवर उमगलं. आयोवा राज्य ओलांडणाऱ्या सायकलफेरीत ते पार्किन्सन्स असलेल्या एका महिलेबरोबर दोघांच्या जोडसायकलवर होते. पुढे बसून ते पायडल वेगाने मारत, त्यामुळे मागे तिलाही त्याच वेगाने पाय फिरवावे लागत. काही दिवसांत तिचं हस्ताक्षर सुधारलं. व्यायाम पायांचा आणि फरक हातात, म्हणजे परिणाम स्नायूंपुरता नसावा. पुढे त्यांनी मिनिटाला ८० ते ९० फेऱ्यांच्या वेगाने प्रयोग केले. रुग्ण स्वतःहून हा वेग धरत नाहीत.

एका सायकलफेरीवरून औषधोपचार ठरत नाहीत हे खरं. पण २०१८ साली ‘स्पार्क्स’ नावाच्या चाचणीचे निकाल आले. नुकतंच निदान झालेले, अजून औषध सुरू न केलेले १२८ रुग्ण. एका गटाने ट्रेडमिलवर नाडीच्या कमाल वेगाच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत जायचं, दुसऱ्याने ६० ते ६५ टक्क्यांवर राहायचं, तिसऱ्याने नेहमीचं आयुष्य जगायचं. सहा महिन्यांनी हालचालीच्या मोजपट्टीवर तिसरा गट ३.२ गुणांनी घसरला, मध्यम व्यायामवाला २ गुणांनी, आणि जोरदार व्यायाम करणारा जेमतेम ०.३ गुणांनी. मला यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आठवड्याला चार दिवस यायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात जोरदार व्यायामाच्या गटातले लोक सरासरी तीन दिवसही आले नाहीत. तरी फरक दिसला. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या चाचणीत १३० रुग्णांपैकी निम्म्यांनी घरच्या घरी व्यायामाच्या सायकलवर सहा महिने, आठवड्यातून तीनदा, ३० ते ४५ मिनिटं घाम गाळला. नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्या उरलेल्या निम्म्यांपेक्षा, सकाळच्या गोळीआधी तपासलं असता, ते ४.२ गुणांनी सरस ठरले.

व्यायामाने पार्किन्सन्स मुळातून बरा होतो असं कुणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका. पेशींचं मरणं व्यायामाने थांबतं हे सिद्ध झालेलं नाही. हालचाल जास्त काळ टिकते, एवढं मात्र मी ठामपणे सांगेन, आणि एवढं देणाऱ्या गोष्टी या आजारात फार नाहीत.

आता हे ताथवड्यात कुठे करायचं? भूमकर चौकाच्या बाजूची वाहनं, बांधकामांची धूळ आणि मध्येच संपणारे पदपथ पाहता ज्याचा तोल कच्चा आहे त्याने रस्त्यावर झपाझप चालावं असं मी म्हणणार नाही. तुमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये ट्रेडमिल आणि सायकल असतेच. सकाळी तरुण मंडळी येतात, दुपारी तिथे कुणी फिरकत नाही. ती वेळ तुमची. तोल जात असेल तर ट्रेडमिलच्या वाटेला न जाता पाठीला टेकू असलेली सायकल घ्या. चालताना ज्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, त्यांच्यातही काहींना सायकल बिनदिक्कत चालवता येते. हे पाहून घरचे चकित होतात, पण ते नाटक नव्हे. ट्रेडमिलवर चढलात तर सुरक्षा दोरीची क्लिप कपड्याला लावल्याशिवाय बटण दाबू नका आणि पहिले काही आठवडे कुणीतरी शेजारी उभं असू द्या.

जोर किती? २२० मधून वय वजा केलं की नाडीचा साधारण कमाल वेग मिळतो. ६५ वर्षांच्या माणसाचा तो १५५, म्हणजे ८० टक्के झाले १२४. पण या आकड्याच्या मागे लागू नका. पार्किन्सन्समध्ये काहींची नाडी हवी तशी चढतच नाही, आणि कंपासाठी प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्यांची तर औषधानेच दबलेली असते. म्हणून मी आकडे मोठ्याने मोजायला सांगतो. एका श्वासात चार-पाचच्या पुढे जाता येत नसेल तर जोर बरोबर आहे. वीसपर्यंत मजेत पोचलात तर वाढवा. मोठ्याने मोजल्याने बसत चाललेल्या आवाजालाही व्यायाम होतो. पहिल्या महिन्यात दहा मिनिटं पुरेत. तिथून अर्ध्या तासावर यायला दोन-तीन महिने लागले तरी हरकत नाही. सायकल नसेल तर हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, गुडघे उंच उचलत जागच्या जागी चालणं, हवेत ठोसे मारणं. यात सगळं मोठं करायचं : पाऊल, हाताचा झोका, आवाज.

वेळ गोळीवर ठरवा. पार्किन्सन्सच्या नेहमीच्या औषधाची, म्हणजे लेव्होडोपाची गोळी घेतल्यावर साधारण पाऊण ते एक तासाने शरीर मोकळं होतं, तेव्हा व्यायाम करा. गोळी दूध, पनीर किंवा उसळीबरोबर घेतली तर तिचा असर कमी होतो. ती जेवणाआधी अर्धा तास पाण्याबरोबर घ्या. बरं वाटतंय म्हणून गोळी आपल्या मनाने कमी करू नका. कुहिलीची पावडर घेत असाल तर लपवू नका. तिच्यात लेव्होडोपाच असतो आणि एकूण मात्रेचा हिशेब चुकतो.

काही जणांनी मात्र आधी थांबायचं आहे. छातीत दुखणारे, हृदयविकाराचे, जुना मधुमेह असलेले यांनी हृदयाची तपासणी केल्याशिवाय जोराचा व्यायाम सुरू करू नये. दुसरी तपासणी घरीच होते. पाच मिनिटं आडवं पडून बीपी मोजा, मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर आधी डॉक्टरांकडे या. हाडं ठिसूळ असतील, अलीकडे पडला असाल, तर सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करा.

घरच्यांना एक सांगायचं आहे. ‘बाबा, तुम्ही बसा, मी आणते’ यामागची माया मला कळते, पण दिवसभर असं चाललं तर माणूस खुर्चीतच अडकतो. पडण्याची भीती खरी आहे. वापर नसलेले पाय त्याहून लवकर दगा देतात.

एकट्याने व्यायाम टिकत नाही, हा माझा अनुभव. मुंबईत डॉ. बी. एस. सिंघल यांनी २००१ मध्ये सुरू केलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्णांचे गट चालवते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, ते रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांनीच उभं केलेलं. नर्तक हृषीकेश पवार यांनी पुण्यातच पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचा वर्ग सुरू केला. साठी-सत्तरीतली, जन्मात कधी न नाचलेली माणसं तिथे नाचली. ताथवड्यातून तिथवर जाणं रोज जमणार नाही. पण आसपासच्या दोन-तीन सोसायट्यांत मिळून तीन-चार रुग्ण सहज निघतील. आजार लपवून ठेवल्यामुळे त्यांना एकमेकांचा पत्ता नसतो. सोसायटीच्या ग्रुपवर एक संदेश टाका आणि आठवड्यातले तीन दिवस ठरवून घ्या. पुढच्या तपासणीला येताना गोळ्यांच्या वेळा, बसून-उठून मोजलेलं नव्हे तर आडवं पडून आणि उभं राहून मोजलेलं बीपी, आणि किती मिनिटं दम लागला हे एका कागदावर लिहून आणा.